सुलतानाच्या राज्यांत परक्यांचीं तिकिटें

इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीचें चित्र असलेलें एखादें जुनें टपालतिकीट हातांत येतें. किंमत अडीच पेनी, रंग फिकट जांभळा. कागद, छपाई, कडेचे दांते, सारें कांहीं अस्सल लंडनचें. परंतु त्या चित्रावर काळ्या शाईनें वेगळीं अक्षरें छापलेलीं असतात : '४० पॅराझ'. पेनी आणि शिलिंगाच्या त्या देशांत पारा नांवाचें नाणें कधींच चाललें नाहीं. तें तुर्कस्तानचें. मग इंग्लंडच्या राणीच्या तिकिटावर सुलतानाच्या राज्यांतलें नाणें कां यावें? तिकिटें जमविणाऱ्या मुलाच्या मनांत हा प्रश्न उभाच राहिला नाहीं, तर त्याचा संग्रह म्हणजे रंगीत कागदांचें गाठोडें समजावें. पण तो प्रश्न त्याला पडला आणि त्यानें त्याचा पाठपुरावा केला, तर नकळत तो इतिहासाच्या अभ्यासाला लागला. आजच्या भाषणांत त्या एका प्रश्नाचें उत्तर, मला ठाऊक आहे तेवढें, श्रोत्यांपुढें मांडावयाचें योजिलें आहे.

नाणें पाडणें, जकात घेणें आणि टपाल चालविणें हीं राजसत्तेचीं लक्षणें होत. आपल्या मुलखांत दुसऱ्याचें नाणें कोणी सहसा खपवून घेत नाहीं. टपालाचेंही तसेंच. पण सन १९०० च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपल शहराच्या, म्हणजे आजच्या इस्तंबूलच्या, गलाता नांवाच्या व्यापारी पेठेंत जो कोणी पत्र टाकावयास बाहेर पडे, त्याच्यापुढें मोठा पेंच असे. इंग्रजांची टपालकचेरी होती, फ्रेंचांची होती, ऑस्ट्रियाची होती, जर्मनांची होती, रशियाची होती. आणि खुद्द तुर्की सरकारचीही होती. ज्याची आगबोट किंवा आगगाडी लौकर सुटणार असेल त्याच्या कचेरींत शिरावें, त्याचें तिकीट घ्यावें, आणि पत्र त्याच्या पेटींत टाकावें. ग्राहकानें चार दुकानें पाहून लुगडें घ्यावें तसा हा प्रकार. ग्राहकाची यांत सोय होती हें खरें. पण ज्या सुलतानाच्या राजधानींत हा बाजार भरे, त्याला तो कसा वाटत असेल, याचा विचार करून पाहावा.

ही स्थिति एका दिवसांत आली नाहीं. तिचें मूळ सोळाव्या शतकांतलें आहे. त्या काळीं उस्मानी सुलतान युरोपला कांपविणारे होते. फ्रेंच, इंग्रज वगैरे व्यापारी आपल्या बंदरांत यावेत, माल आणावा, माल न्यावा, या हेतूनें त्यांनीं परकीयांना सवलतींच्या सनदा दिल्या. इंग्लंडला अशी सनद १५८० सालीं मिळाली. परकी व्यापाऱ्यानें कज्जा आपल्या वकिलापुढें चालवावा, कर ठरीव द्यावा, आपला धर्म आपण पाळावा, असें तिचें साधारण स्वरूप असे. युरोपीय भाषांत या सनदांना 'कॅपिट्युलेशन्स' म्हणतात. देणारा बलाढ्य होता तोंपर्यंत ही त्याची मेहेरबानी होती; देणाऱ्याचें बळ ओसरलें आणि घेणाऱ्याचें वाढलें, तेव्हां तीच सनद देणाऱ्याच्या पायांतली बेडी झाली. आपल्याकडे बादशहा फर्रुखसियर यानें १७१७ सालीं ईस्ट इंडिया कंपनीला दिलेलें फर्मान आणि पुढें बंगालमध्यें त्याचा झालेला उपयोग ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या गोष्टीचें वेगळें स्पष्टीकरण नको.

गंमत अशी कीं त्या जुन्या सनदांत टपालकचेऱ्या काढण्याची परवानगी उघडपणें कोठेंच दिलेली नव्हती. वकिलाला आपल्या सरकारकडे खलिते धाडण्याची मुभा होती. खलित्यांच्या थैलींत ओळखीच्या व्यापाऱ्यांचीं पत्रें शिरलीं. व्यापाऱ्यांच्या पत्रांमागें त्यांच्या गुमास्त्यांचीं आलीं. आणि अखेर थैली नेणाऱ्या जासुदाची कचेरी झाली, कचेरीवर पाटी लागली. ऑस्ट्रियानें १७१८ च्या पासारोवित्सच्या तहानंतर व्हिएन्ना ते कॉन्स्टँटिनोपल अशी जासुदांची ये-जा बसविली. रशियानें १७७४ च्या कुचुक कायनार्जीच्या तहानंतर आपली वाट पक्की केली. फ्रेंचांनीं १८१२ मध्यें कॉन्स्टँटिनोपल आणि स्मर्ना, म्हणजे आजचें इझमीर, या ठिकाणीं कचेऱ्या थाटल्या. इंग्रज त्या मानानें उशिरां जागे झाले. क्रिमियाच्या युद्धांत, १८५४ सालीं, त्यांचें लष्कर तुर्कांच्या मदतीस गेलें, त्याबरोबर लष्करी टपाल गेलें. युद्ध संपलें, लष्कर परतलें, टपाल मात्र तेथेंच राहिलें, आणि १८५७ पासून तें सर्वांस खुलें झालें. पाहुणा गेला आणि त्याचें बिऱ्हाड राहिलें, असें हें झालें.

तुर्की सरकारचें स्वतःचें टपाल नव्हतें असें मात्र कोणी समजूं नये. १८४० मध्यें त्यानें टपालखातें उभें केलें, आणि १८६३ च्या जानेवारींत पहिलीं तिकिटें काढलीं. पातळ रंगीत कागदावर सुलतान अब्दुल अझीझची तुग्रा, म्हणजे सुलतानाच्या नांवाची वळणदार मोहोर, आणि तिच्याखालीं चंद्रकोर, अशीं तीं तिकिटें दिसावयास फार देखणीं आहेत. मला विचाराल तर त्या काळच्या युरोपीय तिकिटांवरील राजेराण्यांच्या मुखड्यांहून तीं अधिक शोभिवंत वाटतात. परंतु व्यापारी माणूस तिकिटाचें सौंदर्य पाहत नाहीं. पत्र पोंचतें कीं नाहीं, आणि वाटेंत कोणी फोडतें कीं काय, हें पाहतो. आगबोटी परक्यांच्या, परदेशांतल्या पेढ्या परक्यांच्या, त्यामुळें विश्वासही परक्यांच्या टपालावर. तुर्की खातें सुधारण्यास ज्या उत्पन्नाची जरूर होती, तें उत्पन्न हे शेजारीच पळवीत होते. आणि खातें सुधारलें नाहीं म्हणून आमच्या कचेऱ्या हव्यात, असें पुन्हां तेच म्हणत. एवढ्यानें भागलें असतें तरी एक वेळ चाललें असतें. पण परदेशचीं पत्रें नेण्याच्या निमित्तानें बसलेल्या या कचेऱ्या कॉन्स्टँटिनोपलहून स्मर्न्याला किंवा बेरूतला जाणारीं, म्हणजे सुलतानाच्या एका गांवाहून दुसऱ्या गांवाला जाणारीं पत्रेंही घेऊं लागल्या.

आतां पहिल्या प्रश्नाकडे येतों. आरंभीं या इंग्रजी कचेऱ्यांत इंग्लंडचींच साधीं तिकिटें विकलीं जात. त्यांवर वेगळें कांहीं छापलेलें नसे. तीं ओळखावयाचीं तीं केवळ टपालाच्या शिक्क्यावरून. कॉन्स्टँटिनोपलच्या शिक्क्यांत 'सी' हें अक्षर, स्मर्न्याच्या शिक्क्यांत 'एफ ८७', बेरूतच्या शिक्क्यांत 'जी ०६'. एरवीं कवडीमोल असलेलें पेनीचें तिकीट अशा शिक्क्यामुळें एकदम मानाचें होऊन बसतें, तें यामुळेंच. पण या व्यवस्थेंत एक भोंक होतें, आणि तें पैशाच्या बाजारांत वावरणाऱ्यांना लौकरच दिसलें. परदेशच्या पत्राचा दर अडीच पेनी. त्याबद्दल गिऱ्हाईक एक पियास्टर, म्हणजे चाळीस पारा, मोजी. हा भाव ठरीव. पण तुर्की नाणें दिवसेंदिवस घसरत होतें. म्हणजे घसरलेल्या नाण्यानें ठरीव भावांत इंग्रजी तिकिटें घाऊक घ्यावींत, तीं इंग्लंडास नेऊन पुऱ्या किंमतीस खपवावींत, आणि मधला फरक खिशांत टाकावा! तिकीट म्हणजे नोटच कीं. हा व्यापार बंद पाडण्यासाठीं १८८५ च्या ऑगस्टांत इंग्रजी टपालखात्यानें तिकिटांवर तुर्की किंमत छापण्यास प्रारंभ केला. अडीच पेनीवर चाळीस पारा, पांच पेनीवर ऐशीं पारा, आणि अडीच शिलिंगांवर बारा पियास्टर. गणित बरोबर जुळतें : अडीच शिलिंगांच्या पेनी तीस, तिसांत अडीच बारा वेळां. अशीं अक्षरें पडलेलीं तिकिटें इंग्लंडांत चालेनात, आणि दलालांचा धंदा बसला. शाळेंत त्रैराशिक शिकवितांना मीं हें उदाहरण कित्येकदां घेतलें आहे. तेवढा तास मुलें जागीं असत.

इतर राष्ट्रांनींही थोड्याबहुत फरकानें हाच मार्ग धरला. जर्मनांनीं १८७० मध्यें कॉन्स्टँटिनोपलला कचेरी काढली आणि १८८४ पासून पारा व पियास्टर छापलेलीं तिकिटें विकलीं. पुढें जाफा व जेरुसलेम येथेंही ते गेले. फ्रेंचांनीं १८८५ मध्यें पंचवीस सांतीमवर एक पियास्टर छापला, आणि १९०२ पासून 'लेव्हांत', म्हणजे पूर्व भूमध्याचा किनारा, हें नांव घातलेलीं खास तिकिटें काढलीं. इटलीनें १८७४ सालीं आपल्या तिकिटांच्या कोपऱ्यांतील नक्षी मुद्दाम बदलून वर 'एस्तेरो', म्हणजे परदेश, एवढा एकच शब्द छापला. हीं सर्व माहिती कोणत्याही बऱ्या मूल्यसूचींत सांपडते.

ऑस्ट्रियाची हकीकत मात्र जरा थांबून ऐकण्याजोगी आहे. ऑस्ट्रियाचें साम्राज्य त्या वेळीं उत्तर इटलींतील लोंबार्डी आणि व्हेनिस या प्रांतांवरही होतें, आणि तेथें 'सोल्दी' हें नाणें चाले. पूर्वेकडचा ऑस्ट्रियाचा समुद्री व्यापार त्रिएस्त बंदराच्या लॉईड कंपनीच्या हातीं, आणि त्या बाजूच्या बंदरांतील व्यापाऱ्यांना इटालियन हिशेब परिचयाचा. म्हणून तुर्की बंदरांतल्या ऑस्ट्रियन कचेऱ्यांत या इटालियन प्रांतांचीं सोल्दीचीं तिकिटें विकूं लागले. पुढें १८५९ सालीं लोंबार्डी गेली, १८६६ सालीं व्हेनिस गेलें. ज्या भूमीचें नाणें, ती भूमि हातची गेली. पण तिकिटांवर 'सोल्दी' तशीच राहिली! १८६७ मध्यें केवळ तुर्की कचेऱ्यांकरितां नवीं सोल्दीचीं तिकिटें छापण्यांत आलीं, आणि १८८६ मध्यें पारा छापणें सुरू होईपर्यंत तीं चाललीं. हातच्या गेलेल्या प्रांताच्या नाण्याची स्मृति दुसऱ्याच एका सुलतानाच्या राज्यांत वीस वर्षें जिवंत राहावी, असा योग तिकिटांखेरीज दुसरीकडे मीं पाहिला नाहीं.

रशियाचीही अशीच एक तऱ्हा. क्रिमियाच्या युद्धांत हार झाल्यावर काळ्या समुद्रांत आरमार ठेवण्याची त्याला मनाई झाली. तेव्हां त्यानें १८५६ सालीं एक व्यापारी आगबोट कंपनी उभी केली. तिच्या लांबलचक नांवाच्या आद्याक्षरांवरून संग्राहक तिला 'रोपित' म्हणतात. या कंपनीच्याच हातीं तुर्की बंदरांतलें रशियन टपाल आलें, आणि १८६५ मध्यें तिनें स्वतःचीं तिकिटें काढलीं. तिकिटावर झार नाहीं, गरुड नाहीं. समुद्रांत चाललेली आगबोट. पुढें त्या टपालाच्या पन्नाशीनिमित्त १९०९-१० च्या सुमारास काढलेल्या तिकिटांवर निरनिराळ्या गांवांचीं नांवें छापलीं : जाफा, जेरुसलेम, ट्रेबिझोंद, स्मर्ना, बेरूत, आणि माउंट एथॉस. या शेवटच्या ठिकाणीं डोंगरावर मठांखेरीज कांहीं नाहीं; स्त्रीला तेथें पाऊल टाकावयाची बंदी. पण रशियन साधूंचा तेथें मोठा मठ होता, आणि देणग्यांचा पत्रव्यवहार संन्याशालाही चुकत नाहीं.

तुर्कांनीं हें सर्व मुकाट्यानें सोसलें काय? नाहीं. १८७४ सालीं बर्न येथें जागतिक टपालसंघाची स्थापना झाली, तेव्हां पहिल्या बावीस सह्यांत तुर्कस्तानची सही होती. आम्ही जगाच्या टपालांत बरोबरीचे भागीदार आहोंत, आतां या परक्या कचेऱ्या कशाला, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. त्याला कोणीं सरळ उत्तर दिलें नाहीं. दुबळ्यांपुढें त्यांचें चालत असे. ग्रीसच्या कचेऱ्या १८८१ मध्यें बंद झाल्या. रुमानियानें १८९६ मध्यें कॉन्स्टँटिनोपलला कचेरी उघडली, ती तुर्कांनीं थोड्याच आठवड्यांत बंद पाडली. त्यामुळें त्या कचेरीचा शिक्का असलेलीं तिकिटें फार दुर्मिळ. पण बलिष्ठांशीं गांठ पडतांच प्रकार उलटा होई. १९०१ च्या मे महिन्यांत तुर्की अधिकाऱ्यांनीं धीर करून युरोपहून आलेल्या परक्या टपालाच्या थैल्या अडवून ताब्यांत घेतल्या. आमच्या देशांत आलेलें टपाल आम्ही वांटूं, असें त्यांचें म्हणणें. राजदूतांनीं एकच गिल्ला केला, आणि तुर्की सरकारला कांहीं दिवसांतच माघार घ्यावी लागली. १९०८ मध्यें इटलीनें आणखी कचेऱ्या मागितल्या. तुर्कांनीं नकार देतांच आरमार पाठविण्याची सिद्धता केली. पत्रांच्या पेट्या ठेवण्यासाठीं लढाऊ जहाजें! नकार मागें घेण्यांत आला.

मग तुर्की खात्यानें दुकानदारासारखा उपाय योजला. परदेशीं जाणाऱ्या पत्रांसाठीं त्यानें आपलींच तिकिटें सवलतीच्या दरानें विकावयास काढलीं, आणि तीं ओळखूं यावींत म्हणून त्यांवर अरबी लिपींतलें 'बे' हें एक अक्षर छापलें. एक वाटी, आणि खालीं एक टिंब. पुष्कळ संग्राहक त्या टिंबाला शाईचा डाग समजून पुढें जातात. खरें म्हणजे आपल्याच घरांत परक्यांशीं स्पर्धा करावी लागलेल्या एका सरकारची सारी कहाणी त्या टिंबांत आहे.

येथवर ऐकून श्रोत्यांची सहानुभूति तुर्कांकडे झुकली असेल, आणि माझीही त्याच बाजूला आहे. पण इतिहासांत दुसरी बाजू क्वचितच अगदीं रिकामी असते. १८७६ ते १९०९ पर्यंत गादीवर असलेला सुलतान दुसरा अब्दुल हमीद हा अत्यंत संशयी राजा. त्याचे हेर गल्लोगल्लीं, त्याची कात्री प्रत्येक वर्तमानपत्रावर. ज्या तुर्की तरुणांना राज्यांत सुधारणा हवी होती, ते परदेशीं पळाले. त्यांच्यापैकीं अहमद रिझा यानें १८९५ पासून पॅरिसमध्यें 'मेश्वेरेत' नांवाचें पत्र चालविलें. तें तुर्कस्तानांत यावें कसें? तुर्की टपालानें आलें असतें तर वाचणाऱ्याचें घर पोलिसांना सांपडलें असतें. तें आलें परक्यांच्या कचेऱ्यांतून, जेथें सुलतानाच्या पोलिसाला पाऊल टाकतां येत नसे. म्हणजे ज्या कचेऱ्या राष्ट्राच्या मानभंगाचें चिन्ह, त्याच कचेऱ्या त्या राष्ट्रांतील विचारस्वातंत्र्याचा एकमेव झरोका! आपल्याकडे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत जप्त झालेलें क्रांतिकारक वाङ्मय फ्रेंचांच्या पाँडिचेरीच्या वाटेनें आंत येई, त्याची येथें आठवण होते. आणखी एक नवल असें, कीं हेच तरुण तुर्क १९०८ मध्यें सत्तेवर आले, आणि परक्या कचेऱ्या बंद झाल्याच पाहिजेत असें तेच सर्वांत मोठ्यानें बोलूं लागले. त्यांना मी कृतघ्न म्हणणार नाहीं. तुरुंगांतून पळतांना कामीं आलेलें भिंतीचें भगदाड घर आपलें झाल्यावर कोणीही बुजवील.

संधि मिळाली ती पहिल्या महायुद्धानें. युरोपचीं राष्ट्रें एकमेकांशीं झुंजत असतांना, १९१४ च्या सप्टेंबरांत तुर्की सरकारनें सर्व सवलतींच्या सनदा रद्द केल्याचें जाहीर केलें, आणि ऑक्टोबरच्या आरंभापासून परक्या कचेऱ्यांचे दरवाजे बंद झाले. शत्रूंचेच नव्हेत, तर दोस्त जर्मनांचे आणि ऑस्ट्रियाचेही. या घटनेचें स्मारक म्हणून तुर्की तिकिटांवर तशी अक्षरें छापून तीं विकण्यांत आलीं. युद्धांत तुर्कस्तान हरलें, तेव्हां इंग्रज, फ्रेंच, इटालियन पुन्हां आले आणि कचेऱ्या पुन्हां उघडल्या. पोलंडासारख्या नव्या राज्यानेंही 'लेव्हांत' छापलेलीं तिकिटें काढून घेतलीं. रशियांतून परागंदा झालेल्या जनरल रँगेलच्या सैन्याच्या छावण्यांकरितां जुन्या रशियन तिकिटांवर नव्या किंमती छापण्यांत आल्या. ज्यांना राज्य उरलें नाहीं त्यांचीं हीं तिकिटें, हातांत घेतलीं म्हणजे मन उदास होतें. मुस्तफा केमालच्या विजयानंतर, १९२३ च्या जुलैंत लोझानचा तह झाला, आणि तुर्कस्तानांतील परक्या टपालकचेऱ्या कायमच्या रद्द झाल्या. चीनमधल्या अशाच कचेऱ्या त्याआधीं, १९२२ च्या अखेरीस, उठल्या होत्या. इजिप्तमध्यें अलेक्झांड्रिया आणि पोर्ट सय्यद येथें फ्रेंच मात्र १९३१ पर्यंत ठाण मांडून होते.

आतां ज्या भागाविषयीं मला विशेष आस्था आहे, तिकडे वळतों. या परक्या कचेऱ्यांच्या यादींत हिंदुस्थानच्या टपालखात्याचेंही नांव आहे. उस्मानी साम्राज्याच्या पूर्व टोकाला, बगदाद आणि बसरा येथें, १८६८ मध्यें हिंदी टपालाच्या कचेऱ्या उघडल्या गेल्या. १८६२ पासून मुंबईहून इराणच्या आखातांत टपालाच्या आगबोटी ठरलेल्या वेळीं जात होत्या. बसऱ्याला त्या थांबत, आणि तेथून तैग्रिस नदींतून लिंच कंपनीच्या आगबोटी बगदादपर्यंत टपाल नेत. तेथें विकलीं जाणारीं तिकिटें आपल्याकडच्या पोस्टांतलींच : अर्ध्या आण्याचें निळें, एक आण्याचें तपकिरी. त्यांवर कांहीं छापलेलें नाहीं. बगदादचा किंवा बसऱ्याचा शिक्का हीच काय ती खूण. बसऱ्याचें नांव तर शिक्क्यांत वेळोवेळीं वेगवेगळ्या तऱ्हेनें लिहिलेलें आढळतें, त्यामुळें भिंग घेऊन बसावें लागतें.

हीं पत्रें कोण लिहीत असेल? एक तर करबला आणि नजफला जाणारे हिंदुस्थानचे यात्रेकरू. दुसरे, बगदादचे ज्यू व्यापारी. पुण्यांतील लाल देऊळ आणि ससून रुग्णालय सर्वांच्या परिचयाचें आहे. ज्यांचें नांव त्या रुग्णालयाला आहे, ते डेव्हिड ससून बगदादहून १८३२ च्या सुमारास मुंबईस आले. त्यांच्यामागून त्यांचे अनेक जातभाई आले. मुंबईंत पेढी आणि बगदादला सोयरे, अशीं हीं घराणीं. कापूस, नीळ, खजूर, घोडे यांचे भाव, आणि लग्नकार्याचीं आमंत्रणें, हीं सारीं त्या निळ्या आणि तपकिरी तिकिटांवर येत-जात असलीं पाहिजेत. मुंबईंतील एका रद्दीच्या दुकानांत मला एकदां अशा पत्रांचा गठ्ठा दिसला. पाहतों तों दुकानदारानें प्रत्येक पाकिटावरील तिकीट वाफेवर धरून सोडविलेलें, आणि शिक्का अर्धा तिकिटावर, अर्धा पाकिटावर! तिकिटें त्यानें डब्यांत भरून निराळीं विकलीं होतीं. वर त्यानें मला सांगितलें, "मास्तर, कचरा काढून टाकला, नुसता माल ठेवला." मी कांहीं बोललों नाहीं. उरलेला तो कचरा सव्वा किलो भरला, घरीं आणला.

पुढची हकीकत रक्ताची आहे. १९१४ मध्यें या दोन्ही कचेऱ्या बंद झाल्या, आणि त्याच वर्षीं हिंदी फौज बसऱ्याला उतरली. पुण्याची सहावी डिव्हिजन, तींतल्या मराठा पलटणी, कूतच्या वेढ्यांत सांपडल्या, आणि १९१६ च्या एप्रिलच्या अखेरीस त्यांना शरण जावें लागलें. कोंकणांतल्या आणि साताऱ्याकडच्या कित्येक घरांत 'बसरा' हा शब्द त्या वेळेपासून कुणाच्या तरी मरणाशीं जोडलेला आहे. १९१७ मध्यें बगदाद इंग्रजांच्या हातीं आलें, तेव्हां तेथें सांपडलेल्या थोड्याशा तुर्की तिकिटांवर 'ब्रिटिश ताब्यांतील बगदाद' अशा अर्थाचीं इंग्रजी अक्षरें आणि आण्यांतील किंमत छापण्यांत आली. हीं तिकिटें अतिशय दुर्मिळ. १९१८ मध्यें संबंध इराकसाठीं तसाच छाप काढावयाचें ठरलें, तेव्हां तुर्की तिकिटें पुरेनात. पण तीं सुंदर चित्रमय तुर्की तिकिटें १९१४ सालीं मुळांत लंडनच्या ब्रॅडबरी विल्किन्सन कंपनीनेंच छापून दिलेलीं! तिच्याकडून त्याच ठशांवरून नवीं छापून घेतलीं, आणि वर आणे व रुपये घातले. इंग्रजी राणीवर तुर्की पारा, आणि मग तुर्की चित्रांवर हिंदी आणा. दोन्ही तिकिटें माझ्या आल्बमांत एकाच पानावर लावलेलीं आहेत.

असा दुहेरी टपालाचा अनुभव आपल्या अंगणांतही होता. १८५४ पासून पणजीला इंग्रजी हिंदुस्थानच्या टपालाची कचेरी होती. पोर्तुगीजांनीं गोव्यासाठीं पहिलीं तिकिटें १८७१ मध्यें काढलीं. पण गोव्याबाहेर जाणाऱ्या पत्रावर पुढें कांहीं वर्षें पोर्तुगीज तिकिटाबरोबर इंग्रजी हिंदी तिकीटही लावावें लागे. दोन सत्तांचीं तिकिटें शेजारीं शेजारीं असलेलें असें पाकीट कोणा जुन्या गोवेकर घराण्याच्या दप्तरांत निघालें, तर तें सोन्याच्या दागिन्याप्रमाणें जपावें.

हा संग्रह करूं इच्छिणाऱ्यांना व्यवहाराच्या चार गोष्टी सांगून थांबतों. फार पैसा लागत नाहीं. चाळीस पाराचें इंग्रजी तिकीट किंवा एक पियास्टरचें फ्रेंच तिकीट आजही सामान्य गृहस्थाला परवडतें. महाग तीं संकटकाळचीं : १८९३ सालीं कॉन्स्टँटिनोपलच्या इंग्रजी कचेरींत चाळीस पाराचीं तिकिटें संपलीं, तेव्हां अर्ध्या पेनीच्या तिकिटावर हातानें ठसा मारून वेळ भागविली, फ्रेंचांवर १९०५ सालीं आणि इंग्रजांवर १९०६ सालीं बेरूतला तशीच पाळी आली. हातानें मारलेला ठसा नकली करणें फार सोपें, आणि नकली ठसे पुष्कळ झालेले आहेत. म्हणून जाणकाराचा दाखला असल्याखेरीज अशा तिकिटाला हात लावूं नये. त्यापेक्षां ज्यांवर कांहींच छापलेलें नाहीं, अशीं साधीं तिकिटें शिक्के पाहून निवडावींत. शंभर साध्या तिकिटांच्या ढिगांत 'सी' चा एखादा शिक्का सांपडतो, आणि विकणाऱ्याला त्याची कल्पना नसते. एका प्रसिद्ध इंग्रजी मूल्यसूचींत अशा परदेशीं वापरलेल्या ब्रिटिश तिकिटांना 'झेड' या अक्षरानें आरंभ होणारे क्रमांक दिलेले आहेत, त्यांवरून ताडून पाहावें. शिक्क्याचा वर्तुळाकार पुरा उमटलेला असेल तें तिकीट घ्यावें, राणीचा मुखडा झांकला गेला तरी हरकत नाहीं. आणि पाकीट हातीं लागलें, तर तिकीट पाण्यांत घालून सोडवूं नये, कापूनही घेऊं नये. पाकीट सबंध ठेवावें, आंत पत्र असल्यास तेंही, आणि पाठीमागच्या बाजूला उतरल्या गांवाचा शिक्का आहे कीं नाहीं तें आधीं पाहावें.